'मातोश्री' आणि माय

आमच्या पांडेसऱ्यातील जुन्या मराठी कुटुंबांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक नवा रिवाज रूढ झाला आहे. घरातील वडीलधारी स्त्री निवर्तली की वर्षश्राद्धाच्या पानावर बसलेल्या आप्तेष्टांच्या हाती एक छोटी पुस्तिका पडते. मुखपृष्ठावर दिवंगतेचे छायाचित्र, त्यास हार, खाली जन्म आणि मृत्यूच्या तारखा. आत मुलगे, सुना, जावई आणि नातवंडे यांचे लेख. गंधमुक्तीची पत्रिका घरात टिकत नाही, गुजराती वर्तमानपत्रातील 'बेसणुं'ची चौकट दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. पण ही पुस्तिका मात्र देवघराजवळच्या फडताळात जपून ठेवली जाते. आमच्यापाशी अशा अकरा पुस्तिका जमा झाल्या आहेत. त्यांतील एक आमच्याच घरची, आणि तिचे संपादन आम्ही स्वतः केलेले आहे. या लेखात जी टीका येईल तिचा पहिला रोख त्या पुस्तिकेवर आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

या पुस्तिकांकडे वाङ्मय म्हणून कोणी पाहत नाही. दुःखाच्या प्रसंगी लिहिलेल्या मजकुराचे गुणदोष काय पाहावयाचे, असा संकोच त्यामागे असतो. परंतु आमच्या वसाहतीत छापली जाणारी मराठी म्हणजे लग्नपत्रिका, मंडळाचे अहवाल आणि या स्मरणिका एवढीच राहिली आहे. आमच्या नातवंडांना मराठी वाचण्याचा योग आलाच तर तो बहुधा या पुस्तिकेतूनच येणार. तेव्हा ती कशी लिहिली जाते याचा विचार करणे हे आमच्या मते या मंडळाचे कर्तव्यच आहे.

अकराही पुस्तिका एका बैठकीत वाचून काढल्यावर एक चमत्कारिक अनुभव येतो. नावे आणि छायाचित्रे झाकली तर कोणती पुस्तिका कोणत्या घरची हे ओळखता येत नाही. सर्व माता 'प्रेमळ, कष्टाळू आणि मायाळू' आहेत; सर्वांनी 'हालअपेष्टा सोसून मुलांवर सुसंस्कार केले'; सर्वांच्या जाण्याने 'कधीही भरून न येणारी पोकळी' निर्माण झाली. जिला सारी गल्ली तिच्या चढ्या आवाजावरून ओळखत असे ती स्त्रीही येथे 'मितभाषी' होते. विशेषणे एवढी मोठी की माणूस त्यांच्याआड दिसेनासा व्हावा. शिवाय जिला आम्ही जन्मभर 'माय' म्हणून हाक मारली तिला छापील पानावर 'मातोश्री' म्हणतो. हा शब्द आमच्या घरात तिच्या हयातीत एकदाही कोणी उच्चारला नव्हता.

अशा लेखनाला मोजण्यासाठी काही माप हवे. ते माप फार दूर शोधण्याचे कारण नाही. उधन्याहून जी गाडी जळगावकडे जाते तिच्या शेवटच्या टोकालाच ते आहे. पांडेसऱ्यातील कितीतरी कुटुंबे याच रुळांवरून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव मागे टाकून इकडे आली. जळगावलगतच्या आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी निवर्तलेल्या बहिणाबाई चौधरी यांच्याविषयी आम्ही बोलत आहोत. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. ऐन तिशीत वैधव्य आले, एका मुलाला प्लेगने कायमचे अपंगत्व आणले, शेतीचा आणि घराचा भार अंगावर पडला. या सर्वांत, जात्यावर बसता-बसता आणि शेतात राबता-राबता, त्या गाणी रचीत राहिल्या. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यांतील जमतील तेवढी कागदावर उतरवून ठेवली. पुष्कळशी गाणी न लिहिल्यामुळे विरून गेली. बहिणाबाईंच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आज जळगावच्या विद्यापीठाला, २०१८ सालापासून, त्यांचेच नाव आहे.

हा इतिहास आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु त्याकडे एका वेगळ्या बाजूने पाहावे, अशी आमची विनंती आहे. बहिणाबाईंचे पुस्तक हे मराठी काव्याचे लेणे तर आहेच. पण ते मुळात एका मुलाने आईच्या मृत्यूनंतर काढलेले स्मरणपुस्तकही आहे. सोपानदेवांपुढे तेव्हा तोच प्रश्न होता जो आमच्या प्रत्येक घरात उभा राहतो : आई गेली, आता तिचे काय राखावयाचे?

सोपानदेव स्वतः कवी होते. प्रमाण मराठीत, वृत्तछंदांत लिहिण्याचा त्यांचा हात बसलेला होता. आईवर एक विलापिका रचणे त्यांना अवघड नव्हते. आईची गाणी 'शुद्ध' करून छापणे तर त्याहून सोपे होते. त्या काळी तसे करणाऱ्याला कोणी दोषही दिला नसता. एका निरक्षर शेतकरी स्त्रीची लेवा गणबोली पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित वाचकांपुढे जशीच्या तशी ठेवणे हे धाडसाचे काम होते. मुलाने ते केले. आईचे क्रियापद, आईचा प्रत्यय, आईचा उच्चार त्याने पानावर येऊ दिला आणि आपण बाजूस राहिला. आमच्या मते या पुस्तकाची निम्मी थोरवी बहिणाबाईंच्या प्रतिभेत असेल, तर उरलेल्यातील मोठा वाटा या संयमाचा आहे. बहिणाबाईंवर लिहिणारे अनेक जण 'निरक्षर असूनही' या दोन शब्दांनी सुरुवात करतात. त्या 'असूनही'मध्ये एक उपकाराची छटा असते. सोपानदेवांच्या संपादनात ती आढळत नाही. ज्या बोलीत आईने विचार केला त्या बोलीविना तो विचार उरत नाही, हे त्यांनी ओळखले होते. जळगावच्या छापखान्यावरही बहिणाबाईंचे एक गाणे आहे आणि त्यात छापलेला कागद व तो वाचणारा माणूस यांच्या शहाणपणाची मिस्कील तुलना आहे. आमच्या स्मरणिका पाहून त्या काय म्हणाल्या असत्या, याची कल्पना करवत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. प्रत्येकाची आई बहिणाबाई नसते. जिने गाणी रचलीच नाहीत तिच्या मुलाने काय छापावे? या प्रश्नाचे उत्तर आमच्याच वाङ्मयातील दुसऱ्या एका थोर स्त्रीने देऊन ठेवले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा अखेरचा भाग अपुरा होता आणि त्यांचे पुत्र देवदत्त यांनी तो पुरा केला. या ग्रंथात उपदेश नाही, थोरवीचा दावा नाही. वडिलांचे सोवळ्याचे वेड, पतीचा तापट आणि लहरी स्वभाव, त्यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, स्वतःची फजिती, भांडणे, रुसवे हे सारे लक्ष्मीबाई हसत-हसत सांगतात. आणि चमत्कार असा की, एवढे दोष वाचूनही टिळकांविषयीचा आपला आदर तसूभर कमी होत नाही. उलट ते माणूस म्हणून आपल्या ओळखीचे होतात. आमच्या घरगुती स्मरणिकांना भांडणांची भीती वाटते. सासू-सुनेचे कधी वाजले होते, आईने एका मुलाशी वर्षभर अबोला धरला होता, हे लिहिले तर लोक काय म्हणतील, या धाकाने आम्ही आईच्या आयुष्यातील निम्मी माणुसकीच गाळून टाकतो.

तिसरे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. 'श्यामची आई' साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहावयास घेतली. त्याआधी ते आमच्या खानदेशात, अमळनेरला शिक्षक होते. त्या पुस्तकाचा प्रभाव आमच्या सर्व स्मरणिकांवर आहे. अश्रूंची भाषा आम्ही तेथूनच उचलली. परंतु उचलताना एक गोष्ट मागे राहिली. गुरुजी आईला 'संस्कारमूर्ती' म्हणून थांबत नाहीत. अंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा मुलगा आणि दगडावर आपले ओचे पसरणारी आई, असे डोळ्यांसमोर उभे राहणारे प्रसंग ते रात्रीमागून रात्री सांगत जातात. शिवाय ती आई मारते, रागावते, कर्जापायी अपमान सोसते आणि चिडतेही. आम्ही गुरुजींचे अश्रू घेतले. तो दगड आणि ते ओचे विसरलो. योगायोग असा की, बहिणाबाईंच्या गाण्यांना प्रस्तावना लिहिणाऱ्या अत्र्यांनीच 'श्यामची आई'वर चित्रपट काढला आणि १९५४ साली त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. दोन माता, एकच रसिक. पण पहिल्या मातेचे शब्द आपल्यापर्यंत आले आणि दुसऱ्या मातेचे चित्र आले. गुरुजींची माता अल्पायुषी होती, मुलाच्या बालपणीच्या आठवणींतूनच तिला उभे करणे भाग होते. आमच्या माता ऐंशी-नव्वद वर्षे जगल्या, तरी आम्ही त्यांना आमच्या बालपणाबाहेर येऊ देत नाही, हा दोष आमचा.

आता आमच्या घरच्या पुस्तिकेकडे वळतो. चौसष्ट पाने, गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ. राज्य शासनाच्या सेवेत आम्ही तीस वर्षे टिपणे आणि अहवाल लिहिले. त्यामुळे भाषा निर्दोष आहे. जोडाक्षराची एकही चूक सापडणार नाही. मात्र या चौसष्ट पानांत आमच्या मायचे एकही वाक्य नाही. ती बोले ती अहिराणी. बहिणाबाईंच्या बोलीहून ती वेगळी, पण माती तीच. तिचे जे काही बोलणे आम्ही उद्धृत केले ते सारे प्रमाण मराठीत करून. 'मुलांनो, प्रामाणिकपणे वागा' असे ती अखेरच्या आजारात म्हणाली, असे त्यात छापले आहे. असे ती म्हणाली नव्हती. असे कोणाचीच माय म्हणत नसावी.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हाचा प्रसंग वाचकांच्या स्मरणात असेल. लाखो लोक शहर सोडून गेले. उधना स्थानकावर पाय ठेवावयास जागा नव्हती. आम्हीही सामान बांधले होते. माय ओट्यावर बसली होती, ती उठली नाही. म्हणाली, "रोग आठे शे, ते गाडीमा बी शे." रोग येथे आहे, तर तो गाडीतही असणारच. एवढे बोलून तिने चुलीवर पाणी उकळत ठेवले आणि गल्लीतील ज्या घरांत लहान मुले होती त्यांनाही पाणी उकळायला लावले. आम्ही राहिलो. पुस्तिकेत या प्रसंगाचे काय झाले? पृष्ठ १९ वर एक ओळ आहे : 'संकटकाळी मातोश्रींचे धैर्य वाखाणण्याजोगे होते.' सात शब्दांचे ते अहिराणी वाक्य छापले असते तर 'धैर्य' हा शब्द वापरण्याची गरजच पडली नसती. त्यात धैर्य आहे, तर्क आहे, आणि गर्दीबरोबर न धावणारी थोडी थट्टाही आहे.

याहून मोठा अपराध पुढे आहे. आमचे वडील डाइंग मिलमध्ये कामाला होते. त्यांच्या पगारात घर चालत नसे. म्हणून माय घरी साड्या आणून धागा-कटिंग करीत असे. दुपारभर दारात बसून, लहानशा कात्रीने, साडीच्या उलट्या बाजूचे लोंबते धागे कापावयाचे, मजुरी नगावर. तिला आकडे लिहिता येत नसत. एका सुतळीला ती दर साडीमागे एक गाठ मारी आणि शनिवारी हिशेब करताना ती सुतळी ठेकेदारापुढे धरी. ठेकेदाराची वही आणि तिची सुतळी यांत फरक पडला तर ती सुतळीवर अडून बसे, आणि बहुधा सुतळीच खरी ठरे. आमची महाविद्यालयाची फी त्या गाठींतून भरली गेली. ही गोष्ट आमच्या पुस्तिकेत नाही. कारण काय सांगावे? वर्षश्राद्धाला आमचे जुने सहकारी यावयाचे होते, व्याही यावयाचे होते. अधिकाऱ्याची आई धागे कापीत होती हे छापण्याची आम्हांस लाज वाटली. 'काबाडकष्ट' या एका शब्दात आम्ही ती कात्री, ती सुतळी आणि त्या दुपारी पुरून टाकल्या.

आणखी एक असत्य कबूल केले पाहिजे. 'मातोश्रींचा उत्तरकाल मुला-नातवंडांच्या सहवासात अत्यंत समाधानात गेला' असे आम्ही लिहिले. वस्तुतः आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकास सदनिका घेतली तेव्हा ती आमच्याबरोबर आली नाही. पांडेसऱ्यातील दोन खोल्यांतच राहिली, शेजारणींच्या भरवशावर, अकरा वर्षे. आम्ही रविवारी जात असू. तिने कारण सांगितले नाही आणि आम्हीही आग्रह धरून विचारले नाही. यात तिचा मानीपणा किती आणि आमची सोय किती, याचा निवाडा आम्ही आजही करू शकत नाही. लक्ष्मीबाई असत्या तर त्यांनी हे निर्भयपणे लिहिले असते आणि वाचणाऱ्याला माय कळली असती, मुलगाही कळला असता.

पुस्तिका वाटून झाल्यावर काही महिन्यांनी आमची नात एके दिवशी मोबाइल घेऊन आली. ती इंग्रजी माध्यमात शिकते. मैत्रिणींशी गुजरातीत बोलते. मराठी तिला समजते, बोलताना अडखळते. तिने पणजीचे बोलणे त्या यंत्रात साठवून ठेवले होते, उगाच गंमत म्हणून. चार मिनिटांचा तो आवाज. माय बिबडे कसे करावयाचे ते सांगत आहे : ज्वारी किती दिवस भिजवावयाची, पाणी केव्हा बदलावयाचे, लसूण-मिरची कोणत्या वेळी घालावयाची, कापडावर कसे थापावयाचे. मधेच ती थांबते. "गॅस बंद कया का?" असे कोणाला तरी दरडावते. मग एका जुन्या शेजारणीची तक्रार सुरू होते, तिने कधीकाळी नेलेल्या पाट्याची. ती तक्रार बिबड्यांहून लांब आहे. शेवटी माय स्वतःच हसते आणि विचारते की तू हे सारे कशाला ऐकते आहेस. आम्ही तो आवाज तीनदा ऐकला. आमच्या चौसष्ट पानांत जी कोठेच नव्हती ती या चार मिनिटांत सगळीच्या सगळी होती : हुकूम, कसब, राग, हसू. सोपानदेवांनी जे जाणून केले ते आमच्या नातीच्या हातून अजाणता घडले.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली आहे. त्या स्त्रियांतील बहुतेकींना आपण काही मोलाचे सांगत आहोत याची जाणीव नव्हती. ऐकणारा बसला म्हणून ते राहिले. एवढे मोठे कार्य आमच्या आवाक्यातील नाही. पण आपापल्या ओट्यावर ऐकत बसणे आवाक्यात आहे.

यास्तव आमची सूचना अशी. पुढील स्मरणिका काढणाऱ्या कुटुंबाने विशेषणांची पाने निम्म्यावर आणावीत. तिची दहा वाक्ये तिच्याच बोलीत, अहिराणी असो, लेवा असो वा कोकणी वळणाची असो, जशीच्या तशी छापावीत. खाली अर्थ द्यावा हवा तर. तिने पैसा कसा मिळविला, कसा मोजला हे लिहावे. ती कोणावर रागावे, कशावर हसे, कोणता पदार्थ तिच्याच हातचा होई, ते लिहावे. आणि यासाठी तिच्या जाण्याची वाट पाहू नये. आमच्या गल्लीत आजही पंच्याऐंशी ओलांडलेल्या तीन वृद्धा संध्याकाळी ओट्यावर बसतात. त्यांच्या पुढ्यात बसून ऐकणारे कोणी नसते. मुले कामावर, नातवंडे शिकवणीला.

आमच्या पुस्तिकेच्या उरलेल्या चाळीसेक प्रती अजून घरी आहेत. नातीच्या मदतीने आम्ही आठ पानांची एक पुरवणी तयार करीत आहोत. तिच्या पहिल्या पानावर प्लेगच्या वेळचे ते एक वाक्य असेल, दुसऱ्यावर सुतळीचा हिशेब, पुढे बिबडे आणि पाट्याची तक्रार. मुखपृष्ठावर 'मातोश्री' असणार नाही. ज्यांच्याकडे मूळ प्रत आहे त्यांनी ही पुरवणी तिच्यात ठेवावी. आणि ज्यांना मायचे आणखी काही बोलणे आठवत असेल त्यांनी ते आम्हांस सांगावे. मात्र शुद्ध करून सांगू नये.